शेजारचा कारखाना पळवून काय साधतं?

उद्योगांना द्यायच्या सवलतींचे प्रस्ताव मी रोज तपासते. प्रत्येकात ‘नवे रोजगार’ असा रकाना असतो आणि माझं बोट तिथेच अडतं. नवे म्हणजे आले कुठून?

अशा वेळी अमेरिकेतलं कॅन्सस सिटी आठवतं. शहरी पसारा एकच, पण मिसुरी आणि कॅन्सस या दोन राज्यांत विभागलेला. सीमेवरच्या रस्त्याचं नावच स्टेट लाइन रोड. अलीकडची कंपनी पलीकडे नेण्यासाठी दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं करसवलती देत राहिली. माणसं बहुतेक तीच, त्यांची घरंही तीच. बदलायचा तो ऑफिसचा पत्ता. महसूल मात्र दोन्हीकडचा बुडायचा! अखेर २०१९ मध्ये मिसुरीने कायदा केला, कॅन्ससच्या गव्हर्नरांनी आदेश काढला आणि ही पळवापळवी थांबवायचं ठरलं.

सवलतींना माझा विरोध नाही. पण त्या नव्या यंत्राला, नव्या माणसाच्या प्रशिक्षणाला द्याव्यात. नुसत्या स्थलांतराला नकोत. शेजारच्या दोन भागांनी मिळून एकच प्रशिक्षण केंद्र किंवा सांडपाणी प्रकल्प उभारला, तर तिथे आधीपासून पाय रोवून असलेल्या लहान कारखानदारालाही त्याचा उपयोग होतो. या लहान कारखानदाराचा प्रस्ताव माझ्या टेबलापर्यंत कधी पोचतच नाही.