बढती नाकारणारे फिटर

चिंचवडच्या एका कारखान्यातील पंचेचाळिशीचे फिटर माझ्याकडे आले ते धडधड आणि निद्रानाशाची तक्रार घेऊन. सुपरवायझरपदाची बढती त्यांनी दोनदा नाकारली होती. तिसऱ्यांदा विचारणा झाली आणि त्यांची झोपच उडाली. हृदयाच्या तपासण्यांत काही न निघाल्याने डॉक्टरांनी त्यांना मानसशास्त्रज्ञाकडे, म्हणजे माझ्याकडे पाठवले होते. जबाबदारीचे दडपण येते का, हाताखालच्या माणसांशी खटके उडतात का, या नेहमीच्या प्रश्नांना त्यांनी ठामपणे नाही म्हटले. सुपरवायझरच्या कामातले सर्वांत नकोसे काय, असे विचारल्यावर मात्र ते म्हणाले, "पाळी सुटताना रिपोर्ट लिहावा लागतो, मॅडम. तोही सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या."

मी टेबलावरचे वर्तमानपत्र त्यांच्यापुढे ठेवले. वाचन संथ होते, पण चुका मोजक्याच होत्या: 'बाजारभाव'च्या जागी त्यांनी 'बाजारपेठ' वाचले, पुढे अर्थ जुळेना तेव्हा मागे येऊन दुरुस्त केले. एवढ्यावर कोणीही 'वाचनाची सवय नाही' असा शेरा मारून मोकळे झाले असते. म्हणून मी त्यांना अर्थ नसलेले शब्द दिले, कारण तिथे अंदाज चालत नाही, अक्षरामागून अक्षर उच्चारातच उतरवावे लागते. 'टिमोरक' बऱ्याच वेळाने जमले, 'भुदेस्ता'चे 'भुसदेता' झाले आणि 'चर्णूफ'पाशी ते थांबलेच. मग 'करवत'मधला 'र' काढला तर काय उरते, हे तोंडी विचारले, तेव्हा उत्तर देण्याआधी ते मांडीवर बोटाने अक्षरे गिरवू लागले. याच गृहस्थांनी मोबाइलवरचे यंत्रभागाचे ड्रॉइंग दाखवून त्यातली मापाची चूक मला क्षणात समजावली होती.

माझा संशय डिस्लेक्सियाचा होता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरे आणि उच्चार यांची सांगड सहज न बसण्याचा. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे, हा समज अजून जात नाही. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच नियमित असल्याने प्रौढ माणूस चुकीचे वाचण्यापेक्षा हळू आणि दमून वाचतो. खरी अडचण उघडी पडते ती लिहिताना, रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरांपाशी. त्यांनी 'कार्यक्रम' हा शब्द 'कायर्कम' असा लिहिला होता.

तरीही संथ वाचणारा प्रत्येक जण डिस्लेक्सिक नसतो. दृष्टी, श्रवण, शिक्षणात पडलेला खंड, नैराश्य हे सगळे आधी तपासावे लागते, आणि अडचण लहानपणापासून होती याचा पुरावा लागतो. मराठी प्रौढांसाठी प्रमाणित चाचण्या फारशा नसल्यामुळे या पूर्वेतिहासाला तर अधिकच वजन येते. त्यांच्या परवानगीने मी त्यांच्या आईंना फोन लावला. "कविता नुसती ऐकून धडाधडा म्हणायचा, पण पुस्तक उघडलं की पोटात दुखायचं त्याच्या," त्या म्हणाल्या. महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती लागू केल्या १९९६ साली, आणि हे गृहस्थ त्याच सुमारास दहावीला होते. पण सवलत मिळण्यासाठी आधी कोणाला तरी शंका यावी लागते, आणि गावच्या शाळेत ती येणार कोणाला?

निदान ऐकून त्यांना हायसे वाटेल, असा माझा अंदाज होता. त्यांना पहिली आठवण झाली ती दुसरीतल्या मुलीची, कारण तीही हल्ली शाळेच्या वेळेला पोट धरून बसत होती. ही अडचण घराण्यात चालत येऊ शकते, असे सांगून मी मुलीला तपासणीसाठी आणायला सांगितले. कामाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि रिपोर्ट मोबाइलवर बोलून टंकित करणे किंवा ठरावीक नोंदींवर खुणा करण्याचा छापील तक्ता वापरणे कारखान्याला मुळीच जड नव्हते.

मी व्यवस्थापनाला द्यायच्या पत्राचा मसुदा केला आणि त्यांच्या सांगण्यावरून तो मोठ्याने वाचून दाखवला. 'आजार' हा शब्द त्यांनी काढायला लावला, तो मीही मुकाट्याने काढला. बढती घ्यायची की नाही, हे मात्र त्यांनी आधी तो तक्ता कसा असेल ते पाहून ठरवायचे म्हटले.