आमची वाटचाल : हिरवं कार्ड, लाल कार्ड

"एनव्हिडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड पडून आहे, एएमडीचं नवं घेतोय. दोन्ही एकाच मशीनमध्ये टाकली तर स्पीड डबल होईल ना?"

हा प्रश्न आम्ही धंद्याच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. सुरुवातीला आमचं उत्तर असायचं, "होईल, बघू." फसवायचा हेतू नव्हता, आम्हालाच माहीत नव्हतं.

मी आणि माझा भागीदार मशीन जोडायला लागलो तेव्हा विंडोज व्हिस्टाचा जमाना होता. आमच्या बोलीत एनव्हिडियाचं कार्ड हिरवं, एएमडीचं लाल. तेव्हा लाल कार्डावर एटीआयचं नाव असायचं. एएमडीने ती कंपनी 2006 मध्ये घेतली होती, पण नाव पुढे काही वर्षं टिकलं. आमच्याकडे आलेलं पहिलं मिश्र मशीन एका अ‍ॅनिमेशनवाल्याचं. दोन दिवस ते टेबलावर उघडं पडून होतं. एक कार्ड चालू झालं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये दुसऱ्यावर पिवळं उद्गारचिन्ह. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढ, सेफ मोडमध्ये जा, पुन्हा टाक, की आता पहिल्यावर उद्गारचिन्ह. व्हिस्टाच्या नव्या रचनेत डिस्प्लेचा ड्रायव्हर एका वेळी एकाच जातीचा चालायचा, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं, मजुरी घेतली नाही.

2009 मध्ये विंडोज 7 आलं आणि दोन्ही ड्रायव्हर शेजारी शेजारी नांदू लागले. आम्ही खूश. मग लक्षात आलं की नांदणं वेगळं आणि एकमेकांच्या कामाला हात लावणं वेगळं.

दोन कार्डं मिळून एकच गेम चालवायची सोय तेव्हाही होती: एनव्हिडियाचं एसएलआय 2004 चं, एटीआयचं क्रॉसफायर 2005 चं. दोन्हींत एकाच घरचा ड्रायव्हर फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, वाटून द्यायचा, एक या कार्डाला, पुढची त्या कार्डाला. परक्या कार्डाला काम सांगायची सोय त्यात नव्हतीच. मधल्या काळात लुसिडची हायड्रा चिप आली. 2010 च्या सुरुवातीला एमएसआयच्या एका बोर्डावर ती मिळू लागली. गेमच्या सूचना मध्येच अडवून ती लाल-हिरव्या कार्डांत वाटायची. कल्पना झकास, पण प्रत्येक गेमशी जुळवून घेताना तिची दमछाक व्हायची. पुढे 2015 मध्ये डायरेक्टएक्स 12 ने, म्हणजे विंडोजवरचे गेम ज्याच्यातून कार्डाशी बोलतात त्याने, दोन वेगळ्या कार्डांना एकत्र जुंपायची वाट अधिकृतपणे उघडली, पण सगळं ओझं गेम लिहिणाऱ्यांवर टाकून. 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या गेमने ते करून दाखवलं, पण त्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही. 2021 पासून तर एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवी प्रोफाइल, म्हणजे एकेका गेमसाठीची जुळणी, काढणंही थांबवलं. घरच्याच जोडीची ही गत, तर मिश्र जोडीला कोण विचारतो?

म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. स्पीडचं बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला विचारू लागलो, "तुमची दोन कामं कोणती?" आमचा धंदा खरा उभा राहिला तो तिथून.

थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या ब्लेंडरचंच घ्या. त्याच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या, म्हणजे सीनची चित्रं काढणाऱ्या भागात कार्डाला काम सांगायची पद्धत निवडावी लागते: एनव्हिडियाला ऑप्टिक्स किंवा कूडा लागतं, एएमडीला हिप, आणि सेटिंगमध्ये एका वेळी एकच निवडता येतं. मग ब्लेंडर दोनदा उघडायचं, एक हिरव्यासाठी, एक लालसाठी. आउटपुटचं फोल्डर एकच, 'ओव्हरराइट' बंद, 'प्लेसहोल्डर्स' चालू. एकाने फ्रेम घेतली की तिथे रिकामी फाइल पडते, दुसरा ती सोडून पुढची उचलतो. हळू कार्ड आपोआप कमी फ्रेम करतं, हिशेब मांडत बसावं लागत नाही. ही युक्ती आमची नाही, पण आमच्याइतक्या वेळा ती कुणी समजावली नसेल.

हल्ली घरच्या घरी भाषेची एआय मॉडेल चालवणारे येतात. त्यासाठीचा लामा-सीपीपी हा प्रोग्राम व्हल्कनवर, म्हणजे दोन्ही घरच्या कार्डांना कळणाऱ्या पद्धतीवर, चालवला तर 12 जीबी मेमरीचं हिरवं आणि 8 जीबीचं लाल मिळून एक मॉडेल उचलतात. मॉडेलचे थर दोघांत वाटले जातात. एकाचं झालं की दुसऱ्याची पाळी, त्यामुळे मेमरीची बेरीज होते, वेगाची नाही. हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो.

आणि बोर्ड बघितल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही. दुसरा स्लॉट लांबीला पहिल्याएवढाच दिसतो, पण आत टॉर्च मारा: बऱ्याच बोर्डांवर सोनेरी पिना अर्ध्या लांबीच्या आतच संपतात, पुढे नुसतं प्लास्टिक. डेटा जायला सोळाऐवजी चार लेन. रेंडरला चालतं, कारण सीन एकदा आत गेला की ये-जा कमी. पण गेम एका कार्डावर आणि मॉनिटरची केबल दुसऱ्याला असेल, तर प्रत्येक फ्रेम त्याच बोळातून जाते. मॉनिटर चुकीच्या कार्डाला लावलाय एवढ्यावरून परत आलेली मशीन आम्ही मोजायची सोडून दिली.

एक चूक मात्र आमची स्वतःची. दुसऱ्या कार्डासाठी केबल कमी पडली म्हणून कपाटातल्या दुसऱ्या पॉवर सप्लायची घेतली. सप्लायच्या बाजूचा प्लग नीट बसला, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी होती. कार्ड गेलं. भरून दिलं. तेव्हापासून मशीन आणणाऱ्याला आम्ही फोनवरच सांगतो: जुनं कार्ड आणा, आणि पॉवर सप्लायसोबत आलेली केबलची पिशवीही आणा. पिशवी हरवली असेल तर सप्लायचा मॉडेल नंबर कळवा, केबल त्याचीच मागवू, मशीन तोवर बंद राहील.