भिशी, ब्लाउजपीस आणि आधारकार्ड

"एवढा मारतो तर निघून का नाही जात" असं विचारणाऱ्यांना एकदा सिडकोतल्या एखाद्या गल्लीत आणून उभं करावंसं वाटतं. सासू ओट्यावर, दीर समोरच्या टपरीवर, किराणावाला नवऱ्याचा दोस्त. निघणार कशी?

म्हणून मार खाणाऱ्या बाईला घरातून बाहेर काढायचं हे काम गुपचूप चालतं. एक शिवणकामवाली, एक पार्लरवाली, एक अंगणवाडीतली ताई, भिशीतल्या दोघी. पुढच्या एकीपलीकडे कुणाला काही माहीत नसतं, आणि तेच बरंय.

कपड्यांचं काय, कुठेही मिळतात हो, अडतं ते कागदांवाचून. आधार, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, मार खाल्ल्यावरचे दवाखान्याचे केसपेपर. मग मापाच्या ब्लाउजखाली पिशवीत एकेक कागद बाहेर पडतो, शिवायला टाकलेल्या ब्लाउजसाठी चार खेपा होतातच त्यामुळे घरात कुणाला काही वाटत नाही. शाळेचा दाखला मागितला की मात्र बोंब होते, म्हणून तो मागायचाच नाही, आरटीई म्हणजे शिक्षणहक्काच्या कायद्यात दाखल्याला उशीर झाला म्हणून पोराचा प्रवेश अडवता येत नाही (काही हेडमास्तरांना हे ऐकवावं लागतं). फोन घरीच ठेवायचा, कारण बहुतेक वेळा जीमेल नवऱ्यानेच उघडून दिलेलं असतं आणि तो लोकेशन बघत बसतो. २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं त्यावर लोकांनी भरपूर जोक मारले, पण भिशीच्या पैशात आता पोरांसकट लांबपर्यंत जाता येतं. कुठल्या स्टँडवरून ते मी इथे लिहिणार नाहीये.

घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा तिचा हक्क आहे, कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर काढू शकतं. छान आहे. पण ऑर्डर येईपर्यंतच्या रात्री त्याच घरात काढायच्या ना.

ती गेली की नवरा मिसिंगची तक्रार देतोच. म्हणून पोचल्या पोचल्या तिथल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्यायचा, मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने आलेय, माझा पत्ता कुणाला देऊ नका. अर्जाची पोच घ्यायची, सही-शिक्क्यासकट. काहीच सुचत नसेल तर १८१ ही बायकांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि पत्ता फुटतो तो बहुतेकदा माहेरूनच. "जावई फार रडले गं फोनवर, तुझी शपथ घेतली" म्हणत आईच सांगून टाकते. त्यामुळे आईला सगळ्यात शेवटी कळवायचं, यावरून आमच्यात दरवेळी भांडण होतं, मी कळवू नका म्हणणाऱ्यांच्या बाजूने.