मधली वर्षं

मुलांचं पुस्तक हातात आलं की आधी मागचं मुखपृष्ठ वाचायचं, ही एक खोडच. दुपारचा वेळ त्यात बरा जातो. तिथे हटकून तेच छापलेलं असतं: लेखिकेचं मूल आजारी होतं, नाहीतर बाहेर पाऊस कोसळत होता, मुलाने हट्ट धरला आणि गोष्ट सुचली. झालं! जणू सुचली ती थेट छापखान्यातच. मग आमचा हिशोब सुरू होतो. सुचली कुठल्या साली, छापली कुठल्या साली, आणि मधल्या वर्षांत काय चाललं होतं?

‘पीटर रॅबिट’ लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरचं घ्या. ४ सप्टेंबर १८९३. तिच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा, नोएल, अंथरुणाला खिळलेला. त्याला पत्रात काय लिहावं हे सुचेना, म्हणून तिने चार सशांची गोष्ट लिहिली आणि मजकुराच्या मधेमधे चित्रं काढली. हे सगळेच सांगतात. पुढचं जास्त मजेचं. याचं पुस्तक होईल असं वाटेपर्यंत १९०० उजाडलं आणि पत्र तर नोएलकडे! पोराने ते जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तिने ते उसनं आणलं, उतरवून घेतलं. पुस्तकाला मजकूर पुरेना, म्हणून गोष्ट वाढवली. प्रकाशकांनी नकार दिले. तिला पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच हवं होतं, आणि त्यावर ती अडून बसली. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती काढल्या. मग एका नकार देणाऱ्या प्रकाशकाचंच मन वळलं. चित्रं रंगीत करून द्या, एवढी अट घालून त्याने ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक बाजारात आणलं. पत्रापासून नऊ वर्षं.

चित्रपुस्तकात सुचणं हा सगळ्यात स्वस्त भाग. पानं बहुतेक वेळा ३२, कारण मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा फॉर्म पडतो आणि दोन फॉर्मांत काम भागतं. त्यातून शीर्षकपान, प्रकाशनाचा तपशील, अर्पणपत्रिका वजा करा. गोष्टीला चौदा-पंधरा जोडपानं उरतात. प्रश्न पडला पाहिजे उजव्या पानाच्या तळाशी, उत्तर पान उलटल्यावर. ‘दाराआड कोण होतं?’ हे वाक्य डाव्या पानावर आलं आणि शेजारीच अस्वल रंगवलेलं असलं, तर खेळ खलास. ऐकण्याआधी मूल चित्र बघून मोकळं होतं. तोंडी सांगताना ही अडचण नसते. आवाज खाली आणला, क्षणभर थांबलं, की पान उलटलंच म्हणायचं. म्हणून घरात हमखास रंगणारी गोष्ट कागदावर उतरली की निम्म्या वेळा मरते.

दुसरी अडचण घरातल्या विनोदांची. ती ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या लुईस कॅरलला बरोबर कळली होती. ४ जुलै १८६२ ला ऑक्सफर्डहून गॉडस्टोपर्यंत होडी वल्हवत नेताना त्याने तीन बहिणींना गोष्ट सांगितली, मधली ॲलिस दहा वर्षांची. लिहून दे म्हणून ती मागे लागली. स्वतःच्या हस्ताक्षरातली, स्वतःच काढलेल्या ३७ चित्रांची वही तिच्या हाती पडली १८६४ च्या नोव्हेंबरात. त्या वहीत हसणारं मांजर नाही. वेड्यांची चहापार्टीही नाही! आहे तो एक प्रसंग, भिजलेल्या मंडळींना डोडो एका घरात नेऊन उबेला बसवतो तो. जूनमधल्या एका सहलीत हीच मंडळी पावसात सापडून अशीच एका घरात थांबली होती. डोडो म्हणजे कॅरल स्वतः. बहिणी खुदखुदल्या असतील, पण बाकीच्या जगाला त्याचं काय? छापताना त्याने तो प्रसंग काढला आणि तिथे ती निरर्थक गोलगोल शर्यत घातली. म्हणजे आज ज्याला आपण ‘ॲलिस’ म्हणतो, त्यातलं कितीतरी त्या दुपारी होडीत नव्हतंच. १८६५ साली पुस्तक छापून आलं, तर चित्रकार टेनिएलला छपाई पसंत नाही. पहिल्या २,००० प्रती मागे घेतल्या.

‘ट्रेझर आयलंड’वाल्या स्टीव्हन्सनचं उलटं. १८८१, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, पाऊस, सावत्र मुलाबरोबर रंगांचा खेळ, एका बेटाचा नकाशा, आणि नकाशातून खजिन्याची गोष्ट. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं लिहिली आणि गाडी अडली ती अडलीच. उरलेलं स्वित्झर्लंडात दावोसला गेल्यावर. वर तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवला तो पोहोचलाच नाही. मग पुस्तकातला एकेक उल्लेख शोधून, कंपास घेऊन नवा नकाशा आखावा लागला. नकाशावरून गोष्ट लिहिणं सोपं. गोष्टीवरून नकाशा काढून बघा.

आणि आपल्याकडे साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला ‘श्यामची आई’ लिहायला घेतली ती १३ तारखेच्या पहाटे बाजूला ठेवली. इथे आमचा हिशोब कोलमडतो. मोजायचं म्हटलं तर आई गेली १९१७ साली, तिथून मोजावं लागेल.

स्वीडिश लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या मुलीने १९४१ साली आजारपणात ‘पिप्पी’ हे नाव नुसतं हवेतून काढलं आणि हिची गोष्ट सांग म्हणाली. आईने गोष्ट कागदावर उतरवली १९४४ साली, बर्फात घसरून पाय मुरगळला आणि पडून राहावं लागलं तेव्हा. हस्तलिखित मुलीला दहाव्या वाढदिवसाला मिळालं, दुकानात पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी.

या आकड्यांकडे जरा वेळ बघत बसलं की एक गोष्ट लक्षात येते. पुस्तक येईपर्यंत नोएल चौदा वर्षांचा होता, ॲलिस तेरा, लिंडग्रेनची मुलगी अकरा. ससा, मांजर, घोडा उचलणारी पिप्पी, सगळे वेळेवर पोहोचले ते दुसऱ्याच कुणाकडे.

ॲलिसने वही मात्र सांभाळली. तिच्या तीन मुलग्यांपैकी दोघे पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे नवराही गेला आणि घर चालवणं कठीण होऊन बसलं. १९२८ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, तिने ती वही लंडनला लिलावात काढली. १५,४०० पौंड आले.