आजीची चंद्रकळा, आठ आठवडे आणि एक दांड

साडी रफूच्या दुकानात दिली तो दिवस २ डिसेंबर २०२३, शनिवार. परत हातात आली ती २७ जानेवारी २०२४ ला, तोही शनिवारच. मधले आठ आठवडे अजून डोक्यातून गेलेले नाहीत. बाकीची कामं सुरळीत झाली आणि सुरळीत झालेलं मला आता धड आठवतही नाही, त्यामुळे या लिहिण्यात त्या दुकानालाच जास्त जागा जाणार आहे.

साडी म्हणजे आजीची चंद्रकळा. नऊवारी, रेशमी, अंगभर काळंभोर साधं पोत, दोन बोटं रुंदीचा लाल-जरी काठ आणि बेताचा पदर. आजीचं लग्न १९५६ चं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरहून आलेली ही साडी. एरवी सणावाराला काळं वर्ज्य, पण संक्रांत पडते ऐन थंडीत आणि काळं ऊब धरून ठेवतं, म्हणून त्या दिवशी नव्या नवरीला हलव्याचे दागिने आणि काळी चंद्रकळा. आजी ती पुढे बरीच वर्षं नेसली. आई नऊवारी कधी नेसलीच नाही, त्यामुळे साडी चाळीसेक वर्षं ट्रंकेत पडून राहिली, तीसुद्धा एकाच घडीवर.

मला ती आठवण म्हणून जपून ठेवायची नव्हती, नेसायची होती. हळदीकुंकवाला तर खरंच, पण ऑफिसलाही. काळं रेशीम, बारीक काठ, खणाचा बंद गळ्याचा, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज आणि पायात साध्या चपला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या बायकांचे फोटो बघा, त्या पोशाखात एक निवांत रुबाब आहे. तो मला हवा होता.

साडी उलगडली तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. घड्यांवर रेशीम विरलं होतं. मधोमध, कासोटा खोचायच्या आणि बसता-उठता ताण येणाऱ्या जागी, हातभर कापडाची चाळणी झाली होती. आणि जरीचा काठ काळवंडला होता.

जरीचं आधीच सांगून टाकते, कारण यात लोक फार नुकसान करून घेतात. जुन्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. तो मळ नव्हे. टूथपेस्ट, लिंबू, चिंच, असलं काही घासलंत तर काळेपणा जाईल आणि मुलामाही जाईल. अत्तर आणि सेंटही थेट जरीवर मारू नका.

तर ते दुकान. पेठेतलं, जुनं, बाहेर पाटी 'रफू, नेट, रोल पॉलिश'. गल्ल्यावरच्या काकांनी साडी पुरती उलगडलीसुद्धा नाही. "होऊन जाईल ताई, पंधरा दिवसांत या." मी संक्रांतीची तारीख सांगितली, १५ जानेवारी. "अहो, त्याच्या कितीतरी आधी." ५०० रुपये आगाऊ घेतले आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काळी साडी १, पॉ. + रफू'. खाली छापील ओळ होती, जुन्या मालाची जबाबदारी नाही. ती ओळ मी घरी येऊन वाचली.

२० डिसेंबरला गेले. रफूवाला गावाला गेला होता. २८ ला गेले. लग्नाच्या साड्या आधी काढायच्या होत्या. ४ जानेवारीला काका नव्हते आणि मुलाला काही माहीत नव्हतं. ९ तारखेला पहिल्यांदा कळलं की साडी दुकानात नाहीच, 'बाहेर दिली आहे'. कुठे बाहेर, कोणाकडे, हे कोणी सांगेना. मी म्हटलं, मला त्या कारागिराशी बोलायचंय, जागा दाखवायची आहे. "ताई, आम्ही सांगतो त्याला." काय सांगणार होते? साडी त्यांनी पाहिलीच नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या भागात अजूनही 'जुनी जर घेणार' म्हणत माणसं फिरतात, वर्तमानपत्रात तशा छोट्या जाहिराती येतात. साडी जाळतात, चांदी काढतात आणि वजनावर पैसे देतात. माझ्याकडे त्या साडीचा एकही फोटो नव्हता. लांबी, काठाची रुंदी, काही लिहून ठेवलेलं नव्हतं. उद्या त्यांनी दुसरीच काळी साडी हातात ठेवली असती तर मी कशाच्या आधारावर भांडणार होते? तेव्हा हे आत्ताच सांगते: साडी कुणाच्याही हातात देण्याआधी ती पूर्ण पसरून फोटो काढा, टेपनं लांबी आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा, काठाची रुंदी मोजा, आणि हे सगळं त्यांच्याच चिठ्ठीवर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाले तर साडी उचला आणि निघा.

संक्रांत गेली. मी दुसरी एक काळी साडी नेसून तिळगूळ वाटला. आईनं विचारलं, "आली का गं?" मी नुसती मान हलवली.

२२ जानेवारीला काकांनी स्वतःहून फोन केला. "ताई, ही साडी काही राहिली नाही. आपण असं करू, काठ-पदर काढून नव्या काळ्या सिल्कवर लावून देतो. नवीकोरी होईल, चार हजारांत." हे आजकाल सर्रास करतात. अंगाचं कापड खरोखरच हात लावताच फाटत असेल तर तो एक मार्ग आहेही. पण माझ्या साडीचं पदराकडचं सगळं कापड धड होतं. चंद्रकळेचा जीव तिच्या काळ्या रंगात असतो, काठ तर हजार साड्यांना असतात. ते काळं फेकून काठ ठेवायचा म्हणजे आजीच्या साडीचं काय उरलं? मी नाही म्हटलं आणि जशी असेल तशी परत मागितली. त्यालाही पाच दिवस लागले.

परत आली तेव्हा एका घडीवर जवळजवळ ४० सेंटिमीटर लांबीचा पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. मागून फ्यूजिंग चिकटवलं होतं. इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारं ते पांढरं अस्तर, कॉलरला लावतात ते. काळ्या रेशमातून गोंदाचे ठिपके वर आले होते. आणि जरीचा काठ अर्धा चकचकीत, अर्धा तसाच. मी विचारलं, रफू कुठे आहे? "हेच की." चिठ्ठीवरची छापील ओळ त्यांनी बोटानं दाखवली. ५०० रुपये परत मिळाले नाहीत, उलट आणखी ७०० मागितले. मी दिले, कारण साडी त्यांच्या बाजूला होती आणि मी या बाजूला. याचा राग मला अजून आहे.

घरी येऊन आधी टेप घेतली. ८ मीटर १० सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी, म्हणजे साडी पुरती होती. काठाचे दोरे ओळखीचे होते. मी बराच वेळ तशीच जमिनीवर बसून राहिले.

एकदा चिकटवलेलं फ्यूजिंग जुन्या रेशमावरून ओढून काढायला गेलात तर धागे सोबत येतात. मी एका कोपऱ्यावर करून पाहिलं आणि लगेच थांबले. जुनी काळी साडी इतर रंगांपेक्षा लवकर विरते, कारण पूर्वी काळा रंग पक्का बसवायला लोहाचे क्षार वापरत आणि ते वर्षानुवर्षं रेशमाला खात राहतात. तिला उष्णता आणि गोंद दोन्ही नको. आधार द्यायचाच तर मऊ नेट, तेही सैल धावदोऱ्यानं टाकलेलं, म्हणजे उद्या उसवता येतं.

मार्ग काढला तो आईच्या मावशीनं. मावशीआजी ८४ वर्षांच्या आहेत. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मग दांड भर की. एवढं काय त्यात?"

दांड हा शब्द मी ऐकला होता, अर्थ माहीत नव्हता. लुगडं मधोमध विरलं की तेवढा तुकडा कापून काढायचा आणि उरलेले दोन भाग जोडायचे. त्या जोडाच्या शिवणीला दांड म्हणतात. पूर्वी घरोघरी बायका भरायच्या. वर्षाला दोन लुगडी मिळणाऱ्या घरात दुसरा इलाजच नव्हता. आणि माझ्या बाबतीत तर नऊवारीतून मधला भाग गेला तरी सहावारीपुरतं कापड उरणारच होतं!

मावशीआजींकडे गेले, सतरंजीवर साडी पसरली. त्यांनी पदराकडून मोजायला लावलं. पावणेचार मीटरपर्यंत, घड्या सोडल्या तर, कापड निर्दोष. त्यापुढे ८० सेंटिमीटर बरं, मग ९० सेंटिमीटरची चाळणी, तिला लागूनच ४० सेंटिमीटर फ्यूजिंगचा पट्टा आणि शेवटी सव्वादोन मीटर पुन्हा चांगलं. दोन्ही टोकं मिळून सहा मीटर. जोड पावणेचार मीटरवर आला की तो बरोबर निऱ्यांमध्ये जातो, बाहेरून दिसत नाही. हे गणित त्यांनी कागदाशिवाय केलं. मधलं धड असलेलं ८० सेंटिमीटर कापड का सोडायचं, असं मी विचारलं. "त्याचे दोरे काढायचे गं रफूला. बाजारचा काळा याच्या काळ्याशी जुळायचा नाही."

दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, काठाला काठ, जरीला जर मिळवून, काळ्या रेशमी दोऱ्यानं बारीक हातशिलाई. मशीनची टीप जुन्या रेशमावर घालू नका, सुईच्या भोकांच्या रांगेवरच कापड फाटतं. तीन संध्याकाळी लागल्या. पहिली वीतभर शिवण त्यांनी घातली, बाकीची मी. माझी वळवळीत आहे, त्यांची सरळ आहे, आणि मला ती दोन्ही तशीच हवी आहे. घड्यांवरचे बारीक रफूही त्या सुट्या तुकड्याच्या दोऱ्यांनी झाले. त्यासाठी त्यांच्या ओळखीचा एक रफूगर घरी आला आणि माझ्यासमोर बसून काम केलं. ६०० रुपये घेतले. समोर बसून काम करणारा माणूस मिळत असेल तर दुप्पट पैसे द्या, पण त्यालाच द्या.

ब्लाउज सोपा गेला. जुन्या रेशमाचा ब्लाउज शिवू नका, मुंढ्यात आणि काखेत पहिल्याच दिवशी जातो. मी डाळिंबी रंगाचा खण घेतला, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून नेहमीपेक्षा जास्त कापड लागतं, शिंप्याला विचारूनच घ्या. शिवणाऱ्या ताईंना आईच्या लहानपणीचा एक फोटो दाखवला, त्यात आजी आहे. पुढे हूक, पॅड नको, आत शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड. चार दिवसांत मिळाला.

राहिलेलं, आठवेल तसं. पिन थेट जुन्या रेशमात खुपसू नका, खांद्यावर मागून सुती पट्टी धरून मग लावा. हँगरवर टांगू नका, स्वतःच्याच वजनानं घडीवर तुटते. मी जुन्या धुवट मलमलीत गुंडाळी करून ठेवते आणि दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून सावलीत वारा देते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. नेसल्यावर लगेच घडी घालू नका, घामाचा ओलावा आधी जाऊ दे. आणि मऊ सुती परकरावर नेसा, सॅटिनच्या परकरावर साडी घसरते आणि सगळा ताण कमरेच्या जागी येतो.

त्या वर्षी रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती. हळदीकुंकू तोवर चालतं, त्यामुळे संक्रांत हुकली तरी साडी हुकली नाही. आईनं दारातच मला थांबवलं, निऱ्यांत हात घालून दांड शोधला आणि दोन बोटं शिवणीवरून फिरवत नेली. मावशीआजींची शिवण संपते आणि माझी सुरू होते तिथे तिची बोटं थांबली. "इथून तुझी," ती म्हणाली.

त्यानंतर ऑफिसला चारदा नेसले. कापून काढलेले तुकडे मलमलीच्या वेगळ्या पिशवीत आहेत, पुढच्या रफूसाठी. ट्रंकेत आजीचं इरकल लुगडं अजून तसंच पडलंय. मोजमाप आणि फोटो झालेत, आणि श्रावणात मावशीआजींकडे घेऊन जायचं ठरलंय.