रवा, मैदा, खा

नाशिकच्या मेन रोडवर दुपारी दोनच्या सुमारास एक शटर अर्ध्यावर ओढलेलं दिसलं. मालक जेवायला गेला असेल, नाहीतर आतच आडवा झाला असेल. शटरवर दुकानाचं नाव मोठ्या हौसेने रंगवलेलं, पण वरचा अर्धा भाग गुंडाळीत गेल्यामुळे अक्षरांचे नुसते पाय लोंबत होते. दहा-बारा उभे काने, एक उकार, कुठेतरी र चा तिरका फटकारा. नाव काही केल्या लागेना. लागणारही नव्हतं. देवनागरीचा सगळा कारभार वरच्या मजल्यावर चालतो. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार तिथेच, आणि अक्षराची चेहरेपट्टीही शिरोरेषेखाली लगेच. खाली उतरेपर्यंत ग, त, न, प, व, स अशी निम्मी मंडळी एकेका काठीवर उभी राहतात. त्यांचे नुसते पाय दाखवून ओळखा म्हटलं तर ब्रह्मदेवही हात टेकेल.

शटरवर नाव काढणं हे पेंटरच्या धंद्यातलं सगळ्यात कटकटीचं काम. शटर बंद असतानाच रंगवता येतं, म्हणजे दुकानाच्या सुट्टीचा वार गाठायचा. शटरची एकेक पट्टी साधारण तीन इंचांची आणि पोटाला फुगीर. दोन पट्ट्यांमधे खाच. शिरोरेषा त्या खाचेवर आली की संपलं, कारण शटर वर-खाली होताना पट्ट्या खाचेतच एकमेकींना घासतात आणि महिन्याभरात रेघ तुटक होते. म्हणून जाणता पेंटर इथे इंचांत नाही, पट्ट्यांत हिशेब करतो. अक्षराच्या अंगाला चार पट्ट्या, वर मात्रेला दोन, खाली उकाराला एक किंवा दीड. आणि शिरोरेषा बरोब्बर पट्टीच्या पोटावर. शिवाय रंग पक्का वाळल्याशिवाय शटर उचलायचं नाही. घाईच्या मालकाने संध्याकाळीच उचललं तर गुंडाळीत ओला रंग वरच्या वेढ्याला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी नावाची एक पुसट, उलटी नक्कल शटरच्या आतल्या बाजूला उमटलेली असते. 

पत्र्याचा बोर्ड त्या मानाने सरळ, पण तिथेही फसगत आहेच. साध्या लोखंडी पत्र्याला पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे अस्तर, मग पार्श्वभूमीच्या रंगाचे दोन हात. जस्ती पत्रा कोरा करकरीत असेल तर मात्र नेहमीचा ऑइल पेंट त्यावर टिकत नाही. तेल आणि जस्त यांची गाठ पडते आणि मधे चक्क साबणाचा थर तयार होतो. वरून सगळं छान दिसतं, आणि वर्ष-दीड वर्षात रंग नखाने सोलता येतो. त्याला जस्ती पत्र्याचाच वेगळा प्रायमर लागतो. तो नसेल तर अक्षर कितीही सुंदर असो, पापुद्र्याबरोबर गेलं. मे महिन्यात भर दुपारी काम काढलं तर रंग ब्रशवरच ओढायला लागतो. मग टर्पेंटाइन जास्त घातलं जातं आणि ओघळ येतात. पावसाळ्यात उलटं. दमट हवेत इनॅमलची चकाकी मरते, वर धुरकट साय धरते. नाशकात बोर्ड रंगवायचा महिना म्हणजे फेब्रुवारी. दिवाळीच्या आधी सगळ्यांना आठवण होते ती गोष्ट निराळी.

खरी गंमत दोरा मारल्यावर सुरू होते. दोऱ्याला खडू चोळायचा, दोन टोकं ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायचा. फट्‌! सरळ रेघ. इंग्रजी नावाला अशा दोन रेघा पुरतात. आपल्याला चार: मात्रेचा माथा, शिरोरेषा, अक्षराचा पाय आणि उकाराचा तळ. दोन फूट उंच बोर्डावर अक्षराच्या अंगाला जेमतेम एक फूट मिळतो, तोही काटकसर केली तर. हे गिऱ्हाइकाला पटत नाही. ‘भाऊ, नाव अजून मोठं घ्या ना, वर केवढी जागा मोकळी आहे!’ ती जागा मोकळी नसते, मात्रेची असते.

दुकानांच्या पाट्यांचा नियमही याच फुटपट्टीवर अडतो. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार मराठी नाव देवनागरीत आणि आधी हवं, आणि त्याचा आकार दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. उत्तम. पण संगणकावर दोन्ही लिप्यांना सारखाच पॉइंट दिला, तर इंग्रजी कॅपिटल अक्षर ऐटीत दिसतं आणि मराठी अक्षर त्याच्या खांद्यालाही लागत नाही, कारण त्याच मापात मात्रा आणि उकार मावायचे असतात. पॉइंट सारखे, अक्षर लहान. शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंतर इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकं करा, मग बोला बरोबरीचं. रंगवणाऱ्या पेंटरला हे सांगावं लागत नव्हतं, तो डोळ्यानेच जुळवायचा.

शिरोरेषेचंच घ्या. चपटा ब्रश भरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढली की काय समाधान वाटतं! पण मधे ध किंवा भ असेल तर तिथे हात उचलावा लागतो. त्या दोघांचं डोकं उघडं असतं, थ चंही. ते झाकलं गेलं की ध चा घ आणि भ चा म. मग ‘धान्य भांडार’चं ‘घान्य मांडार’ होतं, ‘भेळ’ची ‘मेळ’ होते आणि ‘भाजी’ एकदम ‘माजी’ होऊन बसते, नगरसेवकासारखी. जाड अक्षरात धोका जास्त, कारण गाठीच्या आतली पोकळी रंगाने भरून येते. उपाय एकच. ती पोकळी हिशेबापेक्षा थोडी मोठीच ठेवायची. जवळून वेडीवाकडी दिसते, रस्त्यावरून नेमकी दिसते.

र ची तऱ्हा वेगळी. त्याला काना नाही, त्यामुळे त्याच्या उजवीकडे खाली भोक पडल्यासारखं दिसतं. ते भरून काढायला नवशिका पुढचं अक्षर जवळ ओढतो, आणि पुढे व असला की ख तयार. किराण्याच्या दुकानावर ‘रवा, मैदा, बेसन’ लिहायचं असतं, रस्त्यावरून वाचलं जातं ‘खा, मैदा, बेसन’. आता प्रमाण ख मधे र चा पाय व ला जोडून घेतात, तो याच भानगडीसाठी. पण नुसत्या ख ला जोडून भागत नाही, ‘रव’ मधलं अंतरही राखायला हवं. अंतर मोजून सारखं ठेवलं की दिसायला कमी-जास्त दिसतं. दोन कान्यांची अक्षरं शेजारी आली तर थोडी लांब, ट, द, ह यांसारखी गोल पोटाची आली तर जवळ. याला सूत्र नाही. चार पावलं मागे जायचं, डोळे बारीक करायचे, आणि जिथे काळोख दाटलाय तिथे सोडवायचं.

फ्लेक्सवाल्याला मागे जायला जागा नसते. त्याच्यासमोर पंधरा इंचांचा पडदा, मागे गिऱ्हाईक, आणि ‘श्री’पासून ‘ॲण्ड सन्स’पर्यंत सगळं एका ओळीत बसवायचं. तो काय करणार? कोरल या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये नावाची बाजू माउसने धरतो आणि दाबतो. बसलं! मला चीड येते ती नेमकी इथे. अक्षर साठ टक्क्यांवर दाबलं की काने साठ टक्के जाडीचे होतात आणि शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. म्हणजे बारीक पायांवर जाडजूड तुळई. गोल होते ते अंडाकृती होतात, अनुस्वाराचा टिंब तांदळाच्या दाण्याएवढा उभा. ताणलं तर उलटं, खांब जाड आणि रेघ कागदासारखी. दोन ओळी कराव्यात, ‘ॲण्ड सन्स’ लहान घ्यावं, नाहीतर मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट निवडावा. त्यात काने आणि शिरोरेषा यांचं प्रमाण काढणाऱ्याने सांभाळलेलं असतं.

दुसरी तक्रार वेलांटीची. ज्या प्रोग्रॅमला किंवा त्याच्या जुन्या आवृत्तीला देवनागरीची जोडणी येत नाही, तिथे ‘विक्री’ टाकलं की पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते आणि क्र फुटून पाय मोडका क नि शेजारी र असे दोघे वेगळे राहतात. बऱ्याचदा सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर चालू केला की प्रश्न मिटतो. नाही मिटला तर जिथे नीट दिसतंय तिथेच मजकूर कर्व्ह करून द्यायचा, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि पुढे कुणाच्या संगणकावर फुटत नाहीत. पण कर्व्ह करण्याआधी शुद्धलेखन तपासा. नंतर ऱ्हस्वाचं दीर्घ करायला कुणी तयार होत नाही.

आणि तो ल. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलेत, तरी निम्म्या फ्लेक्सवर हिंदीतला दांडीचा ल डुलत असतो. कारण आळस, दुसरं काही नाही. बऱ्याच नव्या फॉन्टांत हे दोन्ही आकार आत असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपले येतात, ‘हिंदी’ राहिली की त्यांचे. अक्षरकार कमल शेडगे नाटकाच्या जाहिरातीसाठी प्रत्येक नाव नव्याने काढत. त्यांचा ल आणि श त्या नावापुरता जन्माला यायचा. एवढी अपेक्षा वाढदिवसाच्या फ्लेक्सकडून नाही. भाषेच्या रकान्यात एक टिचकी, बस.

नाशिककरांनी तर अक्षराची ऐट दाखवायला हवी. १९१३ मध्ये ज्यांच्या मूकपटात पात्रं पडद्यावरच्या लेखी पाट्यांतून बोलली, ते दादासाहेब फाळके इथल्या त्र्यंबकचे. नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात. नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची जी पट्टी असते, तिच्यात मराठीची ओळ वरून आठवी. शंभराची नोट डोळ्यांजवळ धरा. ‘शंभर’मधला भ तिथे एवढ्याशा जागेत भच आहे. इकडे दहा बाय वीस फुटांच्या फ्लेक्सवर त्याचा म होतो.

फ्लेक्सचे रंगही पाहण्यासारखे. उन्हात आधी पिवळा आणि गुलाबी जातो, निळा आणि काळा मागे राहतात. त्यामुळे पाडव्याला गोरेपान लावलेले शुभेच्छुक वैशाखाच्या शेवटी निळे पडतात. हल्लीच्या ॲक्रिलिकच्या अक्षरांना उन्हाचं एवढं भय नाही, त्यांचं दुखणं दुसरं. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध कापता येतो, हा देवनागरीचा मोठाच फायदा. पण अनुस्वार सुटा. तो वेगळा चिकटवावा लागतो, आणि आधी तोच पडतो. ‘अंबिका’ची ‘अबिका’ झालेली पाटी वर्षानुवर्षं तशीच असते. मात्रा बारीक असते, तिच्यात एलईडीची पट्टी मावत नाही, म्हणून रात्री ‘हॉटेल’चं ‘हाटल’ उजळतं. अशा पाटीला मात्रा दिवसाच्या रुचीपेक्षा जाड काढावी आणि अनुस्वाराला मागून पत्र्याची लहान दांडी देऊन तो शिरोरेषेलाच बांधून टाकावा. दांडी खालून दिसत नाही.

गोदाघाटावर मात्र बिनअक्षरी पाटीचा उत्तम नमुना उभा आहे, दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मारुतीची उंच मूर्ती. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं म्हटलं की अख्ख्या गावाला पूर कळतो. पण तो गावच्या माणसाला. २०२७ च्या सिंहस्थाला जे येतील त्यांना मारुतीची कंबर कुठे कळायची? त्यांना पाटीच वाचावी लागणार. पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर असेल तर ठसठशीत दिसतं, आणि २५-३० फुटांना १ इंच म्हणजे जेमतेम. शंभर फुटांवरून दिसायला हवी ती सूचना १० इंचांची हवी. आणि हे १० इंच शिरोरेषेपासून पायापर्यंतचे, मात्रा त्यात धरायची नाही. पाटी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावली तर पुढची चार डोकी सोडून मागच्या कुणालाही ती दिसत नाही, तेव्हा खालची कड सात-आठ फुटांच्या वर हवी. पांढऱ्यावर पिवळं, निळ्यावर लाल असले प्रयोग नकोत. पिवळ्यावर काळं किंवा लालवर पांढरं. मजकूर दोन शब्दांचा. आणि ‘धोका’ लिहिताना ध चं डोकं उघडं ठेवा. ‘घोका’ वाचून कुणी पाण्यातून मागे फिरत नाही.