तुम्ही विचारलंत म्हणून: नियम असले की जादूचं विज्ञान होतं का?

अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवणारी बाई जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचते, हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पालक विचारतात तेव्हा त्यात काळजी असते: "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता आणि मुलांना जादूच्या गोष्टी वाचायला कशा सांगता?" मुलं मात्र उलट्या बाजूनं येतात: "पण मॅडम, त्यातली जादू म्हणजे सायन्सच ना? सगळे नियम असतात तिला." दोघांनाही मी वर्गाच्या दाराशी, पुढच्या तासाची घंटा होता होता काहीतरी अर्धंमुर्धं सांगत आले. आज नीट सांगते.

मुलांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. नियम असले म्हणून विज्ञान होत नाही. आपल्याकडच्या करणी-भानामतीलाही नियम असतातच. अमावास्याच हवी, कोंबडा काळाच हवा, उतारा टाकून परतताना मागे वळून बघायचं नाही. खरा फरक कळतो तो उपाय फसल्यावर. मांत्रिकाचा उपाय लागू पडला नाही की तो म्हणतो, तुमची श्रद्धा कमी पडली, घरात कुणीतरी विटाळ केला. दोष दरवेळी माणसाच्या माथी जातो आणि विधी आहे तसाच राहतो. म्हणून शेकडो वर्षं झाली तरी त्यातून कुणी नवीन काही शिकलेलं नाही. मी ज्या मांगांबद्दल बोलते आहे, त्यांत जादू फसली की पात्रं खाली बसतात आणि का फसली ते शोधतात. साम्य आहे ते इथे.

हिरोमु आराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' घ्या. 2001 ते 2010 अशी नऊ वर्षं ती मासिकातून क्रमशः येत होती, एकूण 27 खंड झाले. एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोन भाऊ किमया शिकतात आणि वारलेल्या आईला परत आणायला जातात. त्या जगाचा नियम असा की काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. एका वस्तुमानातून तेवढंच वस्तुमान निघतं, पाण्यापासून पाण्याच्याच जातीचं काही होतं. किमयेच्या पायऱ्या तीन: पदार्थ ओळखायचा, तो मोडायचा, पुन्हा जुळवायचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएनं 1789 च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात जो वस्तुमान अक्षय्यतेचा नियम मांडला, तो शिकवताना मला हे भाऊ हमखास आठवतात.

आईसाठी या पोरांनी जी यादी केली, ती मी फळ्यावर लिहिते. पाणी 35 लिटर, कार्बन 20 किलो, अमोनिया 4 लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस 800 ग्रॅम, मीठ 250 ग्रॅम, सोरा 100 ग्रॅम, गंधक 80 ग्रॅम, फ्लोरिन साडेसात ग्रॅम, लोह 5 ग्रॅम, सिलिकॉन 3 ग्रॅम आणि आणखी पंधरा मूलद्रव्यं चिमूट-चिमूट. एका मोठ्या माणसाचं सामान. मग वर्गाला म्हणते, तपासा. बेरीज साठ किलोच्या आसपास येते, म्हणजे वजन बरोबर. 35 लिटर पाणी म्हणजे निम्म्याहून बरंच अधिक, तेही बरोबर. चुना म्हणजे कळीचा चुना, कॅल्शियम ऑक्साइड, असं धरलं तर 56 भागांत 40 भाग कॅल्शियम. दीड किलोत साधारण एक किलो सत्तर ग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात कॅल्शियम असतं किलोभरच, बहुतेक सगळं हाडांत आणि दातांत. इथे वर्गात चुळबूळ सुरू होते. लोह आपल्या अंगात तीन-चार ग्रॅम असतं, यादीत पाच. कार्बन मात्र जास्तच धरलाय, ही चूक एखादी मुलगी स्वतः काढते. मोलचं गणित म्हटलं की मान खाली घालणारी मुलं या यादीशी भांडायला उठतात.

यादी बहुतेक बरोबर, आणि तरीही आई परत येत नाही. जे तयार होतं ते बघवत नाही. धाकट्याचं सगळं शरीर जातं, थोरल्याचा पाय जातो, आणि धाकट्याचा जीव निदान एका चिलखतात तरी अडकवून ठेवावा म्हणून थोरला हातही देऊन बसतो. इथून पुढची सगळी गोष्ट म्हणजे आपण कुठे चुकलो याचा शोध आहे. नियम त्यांना दया दाखवत नाही. ती मुलं आहेत, आईवर त्यांचं प्रेम आहे, याचा त्या समीकरणावर काडीचाही परिणाम होत नाही. निसर्गाचा हा कोरडेपणा मी धड्यातून कधी इतका ठसवू शकलेले नाही.

या मालिकेतली दुसरी एक जागा मला फार आवडते. ग्रीड नावाच्या शत्रूची कातडी हिऱ्यासारखी कडक होते, वार लागू पडत नाहीत. एडवर्ड विचार करतो: या माणसानं बाहेरून काही आणलेलं नाही, म्हणजे जे आहे ते अंगातलंच. अंगात कार्बन भरपूर. कार्बनचे अणू एकमेकांशी कसे बांधले जातात यावर त्याचा कठीणपणा ठरतो. हिराही कार्बन आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बन. मग किमयेनं ती बांधणीच बदलायची, की कवच ठिसूळ होणार. बारावीच्या पुस्तकात अपरूपता नावाचा परिच्छेद असतो, तो इथे एका पोराचा जीव वाचवतो. तसाच याच मालिकेतला किमयागार रॉय मस्टँग. त्याच्या हातमोज्यांतून ठिणगी पडते आणि हवेतला ऑक्सिजन हवा तिथे दाट करून तो आग लावतो. हातमोजे भिजले की खेळ खलास, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. शत्रू त्याला पाण्यानं भिजवते. पण पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि त्याच्या सोबत्याकडे लायटर आहे. पान उलटण्याआधी वाचणाऱ्याला हे सुचू शकतं. माझ्या वर्गात एकाला सुचलं होतं, आणि तो दिवसभर त्याच आनंदात होता.

हे "आधी सुचणं" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेंडेलीव्हनं 1871 मध्ये मूलद्रव्यांच्या आपल्या आवर्त तक्त्यातल्या एका रिकाम्या घराबद्दल लिहून ठेवलं की इथे ॲल्युमिनियमचा एक भाऊबंद निघेल. 1875 मध्ये फ्रान्समध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँनं गॅलियम शोधलं आणि त्याची घनता मोजली ती 4.7 आली. मेंडेलीव्हनं ते मूलद्रव्य कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तरी त्यानं कळवलं की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा, 5.9 च्या जवळ यायला हवी. पुन्हा मोजली, 5.9 आली. नियमावर इतका भरवसा टाकता येणं आणि तो चुकला असता तर उघडपणे चुकणं, दोन्ही त्यात आहे. जिथे लेखक ऐन वेळी नवी शक्ती काढून नायकाला वाचवतो, त्या मालिका मी अर्ध्यावर सोडते.

'हंटर × हंटर'बद्दल मुलं फार भांडतात म्हणून तेही सांगते. 1998 पासून चालू असलेल्या योशिहिरो तोगाशींच्या या मालिकेत 'नेन' नावाची शक्ती आहे आणि आपली शक्ती कुठल्या प्रकारची हे ओळखायची एक चाचणी आहे. पाण्यानं भरलेल्या पेल्यावर एक पान ठेवायचं, दोन्ही हात पेल्याजवळ धरायचे आणि जोर लावायचा. पाणी वाढून सांडलं तर एक प्रकार, रंग बदलला तर दुसरा, चव बदलली तर तिसरा, पान हललं तर चौथा. गोष्टीतल्या गॉन या मुलाचं पाणी सांडतं, त्याचा मित्र किलुआ याचं गोड लागतं. प्रॅक्टिकलच्या सॉल्ट ॲनालिसिसला, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखायला, बसलेल्या मुलांना हे लगेच ओळखीचं वाटतं, आणि ही चाचणी खरंच सुरेख रचली आहे. पण नेनमध्ये माणूस स्वतःवर जितकी कडक अट घालून घेईल तितकी शक्ती वाढते. कुरापिका नावाचं पात्र आपला जीव पणाला लावतं म्हणून त्याचं हत्यार असलेली साखळी बलवान होते. माझ्या लेखी हा करार झाला, कायदेपंडितांचा प्रांत. रसायनशास्त्र कुणाची शपथ मोजत नाही.

आता एक गोष्ट, जी विज्ञानाच्या पुस्तकांतूनही सहसा निसटते: विज्ञान एकट्यादुकट्याचं नसतं. ती मला 'फ्रीरेन'मध्ये सापडली. कानेहितो यामादा लिहितात, त्सुकासा आबे चित्रं काढतात, 2020 पासून चालू आहे. क्वाल नावाच्या राक्षसानं माणसं मारणारी एक जादू शोधलेली असते. कुठलंही कवच तिच्यापुढे टिकत नाही. त्या मुलखातले दहातले सात जादूगार तिनं मेले, असं गोष्टीत सांगतात. त्याला हरवता येत नाही म्हणून दगडात बंद करून ठेवतात. ऐंशी वर्षांनी तो मोकळा होतो, तीच जादू सोडतो, आणि फेर्न नावाची कोवळी मुलगी ती सहज अडवते. मधल्या काळात देशोदेशीच्या जादूगारांनी त्या जादूचा अभ्यास केला, ती उलगडली, तिच्यावर ढाली शोधल्या, आणि आता तीच जादू माणसांची रोजची साधी हल्ल्याची जादू झालेली आहे, पोरं शिकतात तशी. क्वाल बुद्धीनं कमी नव्हता; ढाल बघताच तिचं मर्म त्याला कळतं. पण तो एकटा होता आणि समोर ऐंशी वर्षांचं सामायिक काम उभं होतं. एका काळी फक्त न्यूटनच्या डोक्यात असलेलं गणित आज बारावीच्या पेपरात येतं, ते याच वाटेनं. त्याच मालिकेत माणसं उडण्याची जादू राक्षसांकडून जशीच्या तशी उचलतात, तत्त्व न समजता. उडता येतं, पण त्यात सुधारणा करता येत नाही. सूत्र पाठ करून पेपर लिहिणाऱ्यांना मी हा भाग मुद्दाम वाचायला देते.

विज्ञानाच्या सगळ्यात जवळची मात्र 'विच हॅट अटेलिए'. कामोमे शिराहामा यांची, 2016 पासूनची. चित्रं अशी की एकेका पानावर बराच वेळ जातो. या जगात लोकांची समजूत अशी की जादूगार जन्मावं लागतं. कपडे शिवणाऱ्या बाईची मुलगी कोको चोरून बघते आणि तिला कळतं की जादू म्हणजे चित्र आहे. खास शाई, मधोमध एक चिन्ह, ते अग्नी की पाणी की आणखी काही ते ठरवतं. भोवती छोट्या खुणा, त्या दिशा आणि आकार ठरवतात. आणि बाहेरून वर्तुळ. वर्तुळाची दोन टोकं जुळली की जादू सुरू. खुणा कमी-जास्त लांबीच्या झाल्या तर फळही वेडंवाकडं. हात कुणाचा, घराणं कुठलं, याला काही किंमत नाही. तिथल्या उडत्या बुटांची युक्ती बघा: प्रत्येक तळव्यावर अर्धं वर्तुळ काढलेलं असतं. पाय वेगळे असताना काही नाही. दोन्ही बूट एकमेकांना टेकवले की वर्तुळ पुरं होतं आणि माणूस हवेत उठतो. पाय लांब केले की जादू बंद. इलेक्ट्रिकच्या बटणाचं तत्त्व शाईनं काढून दाखवलंय. वर्तुळाचे तीन तुकडे केले तर, एक तुकडा दुसऱ्याच्या बुटावर असला तर, हे प्रश्न मुलं विचारतात ते मला शिकवावे लागत नाहीत.

पण जादू कुणालाही जमते हे त्या जगात गुपित आहे. बाहेरच्याला कळलं तर त्याची स्मृती पुसतात. कारणही खोटं नाही: पूर्वी जादू सगळ्यांच्या हाती होती तेव्हा तिनं भयंकर विध्वंस झाला. म्हणून शरीरावरच्या जादूला बंदी, आणि त्याबरोबर रोग बरे करणाऱ्या जादूलाही. आमच्या विषयाचा इतिहास हाच आहे. 1669 मध्ये हॅम्बुर्गला हेनिग ब्रांट सोनं करायला निघाला आणि लघवी आटवून आटवून त्याला फॉस्फरस मिळाला. कृती त्यानं लपवून ठेवली. खुद्द न्यूटननं 1676 मध्ये रॉयल सोसायटीच्या सचिवाला पत्र लिहून, रसायनशास्त्रज्ञ बॉइलनं किमयेतल्या एका शोधाबद्दल मौन पाळावं अशी इच्छा व्यक्त केली होती. किमयेची रसायनविद्या झाली ती या कृती उघड्या लिहिल्या जाऊ लागल्यावर. आणि उघडं झालेलं ज्ञान काय करतं तेही पाहिलं आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्झ हाबरनं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया केला, त्याच्या खतांवर आज जगाची शेती उभी आहे. त्याच हाबरच्या देखरेखीखाली 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन हा विषारी वायू सैनिकांवर सोडला गेला. कोकोच्या जगातल्या बंदीवर मुलांत दोन तट पडतात. मी गुपिताच्या विरुद्ध आहे, आणि ते त्यांना सांगते. स्मृती पुसणाऱ्यांच्या हातात औषधही अडकून पडतं.

तर हे विज्ञान आहे का? नाही. मांगातल्या नियमामागे लेखक आहे, त्याला न्याय-अन्यायाची चाड आहे. एडवर्डच्या जगात किंमत मागणारं एक कुणीतरी दाराशी बसलेलं असतं. आपल्या जगात दाराशी कुणी नाही, आणि नियम कुणी आपल्यासाठी आखून ठेवलेले नाहीत. ते चाचपडत शोधावे लागतात, त्यात पिढ्या जातात. साम्य वागण्यातलं आहे: बघणं, अंदाज बांधणं, फसणं, पुन्हा बघणं.

काळजी करणाऱ्या पालकांना यापुढे एवढंच सांगायचंय. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे, कार्यकर्ते शाळेत येतात, नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवून वर पाणी शिंपडतात, पेट घेतला की मग ती शेंडी उलगडून दाखवतात. माझ्या या मांगांत पानोपानी तेच चालतं, आधी चमत्कार आणि मग उलगडा. असा उलगडा मागायची सवय लागलेलं पोर बाबांच्या नादी लागेल याची मला भीती वाटत नाही.

कुठून सुरुवात करावी, हेही नेहमी विचारता. सातवी-आठवीच्या मुलांसाठी 'विच हॅट', आईबापांनी सोबत वाचावी. 'फ्रीरेन' त्यानंतर. 'फुलमेटल'मध्ये युद्ध आहे, एका जमातीचं हत्याकांड आहे, म्हणून ती नववी-दहावीनंतर. माझ्याकडचे खंड इंग्रजी भाषांतरातले आहेत आणि स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात असतात; वहीत नाव लिहून घेऊन जायचे.